शेवटच्या वावरापर्यंत

सावद्याजवळच्या एका गावात आबांची केळीबाग होती. मृगबाग कधी लावायची, कांदेबाग कधी, पीलबाग ठेवायची की मोडायची, या हिशोबावरच त्या घराचं वर्ष चाले. आबांचा मुलगा जळगावला एम.बी.ए. करून घरी परतला. व्यापाऱ्यानं यावं, भाव सांगावा आणि घड कापून न्यावेत, ही रीत त्याला नकोशी झाली होती. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात परदेशी बाजारपेठेचं वेड होतं. गावातल्या काही शेतकऱ्यांना हाताशी धरून त्यानं माल थेट आखातात पाठवायला सुरुवात केली.

त्याची मामेबहीण धुळ्याला राहायची. ती पीएच.डी. करत होती. वयानं मोठी म्हणून तो तिला ताई म्हणे आणि ती त्याला भाऊ म्हणे. आपणही त्यांना याच नावांनी ओळखू.

एका एप्रिलमध्ये भाऊचा एक कंटेनर दुबईला पोचला आणि तिकडून निरोप आला, की बरीच खोकी पिवळी पडलेली आहेत, बिलाच्या निम्मीच रक्कम देऊ. हिरवी केळी परदेशी पाठवताना सगळा खेळ तापमानाचा असतो. कंटेनर साधारण १३-१४ अंशांवर राहिला पाहिजे. त्याहून खाली गेला तर सालीला थंडी बाधते आणि ती काळपट पडते. वर गेला तर फळ वाटेतच पिकायला लागतं, आणि पिकणाऱ्या फळातून निघणारा वायू शेजारच्या फळालाही पिकवतो. माल वाटेत पिवळा पडला म्हणजे कुठेतरी गरमी लागली. ती कुठे लागली, यावर पैसे कुणी सोसायचे ते ठरतं.

भाऊनं खरेदीदाराला इंग्रजीत पत्र लिहिलं. जळगावला असताना त्यानं इंग्रजीचा क्लास लावला होता आणि ठरावीक पत्रांचं एक जाड पुस्तक पाठ केलं होतं. त्यातली वाक्यं त्यानं एकामागून एक मांडली. सुरुवात ‘विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हंबल सबमिशन’ अशी झाली. मग भारतीय शेतकऱ्याचे कष्ट, जागतिकीकरणाचं युग, दोन्ही देशांची मैत्री, परस्परविश्वासाचं महत्त्व आलं, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी ‘काइंडली डू द नीडफुल’. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण पोरानं लिहिलेली ती तीन पानं त्यांनी शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवली.

उत्तर आलं नाही. भाऊनं दुसरं पत्र लिहिलं, ते आणखी नम्र आणि आणखी लांब. मग तिसरं लिहिलं, त्यात कायद्याचे जड शब्द पेरले. तरी उत्तर नाही. आबा म्हणाले, “एवढं मोठं पत्र लिह्यलं अन् त्याले काहीच कळलं नाही?” भाऊकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

त्याच महिन्यात ताईचा शोधनिबंध एका नियतकालिकाकडून परत आला. तपासणाऱ्यानं एकच ओळ लिहिली होती: या निबंधात लेखिकेचं म्हणणं काय आहे ते सापडलं नाही.

ताईचा विषय मोठा सुंदर होता. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीनं पाणी वाटायची काही शतकांची परंपरा आहे. नदीवर बंधारा बांधायचा, पाटानं पाणी आणायचं, गावची भिजणारी जमीन फडांत वाटायची, आणि एका फडात एका हंगामात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाणी कुणाला किती आणि कधी, हे गावच ठरवतं. त्यासाठी गाव पाटकरी नेमतं, जागल्या नेमतं, हवालदार नेमतं. ताई साक्री तालुक्यात पाटकऱ्यांबरोबर पाटाच्या कडेनं चालली होती, वह्या भरून टिपणं काढली होती. पण निबंधाची पहिली ओळ होती, पाणी हे अनादी काळापासून मानवाचं अमृत आहे. त्यानंतर दोन पानं इतरांच्या पुस्तकांतून उचललेली होती. त्यांचं इंग्रजी चांगलं, आपलं वाईट, म्हणून ती त्यांचीच वाक्यं इकडचा-तिकडचा शब्द बदलून घेत गेली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाई होते. ताईला रात्री झोप लागत नव्हती ती त्या आकड्यापायी.

कुणीतरी सुचवलं, की अमळनेरला एक निवृत्त बाई रविवारी इंग्रजी लेखन शिकवतात, त्यांच्याकडे जा. रावेरकडून भुसावळमार्गे भाऊ गाडीनं आला, धुळ्याहून ताई एस.टी.नं आली. अमळनेर दोघांच्या गावांच्या मधे पडत होतं. व्यापार आणि विद्या या दोन्हींना त्या गावानं जागा दिली आहे. प्रताप शेठजींच्या आश्रयानं १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, आणि १९४५ साली वनस्पती तुपाचा जो कारखाना तिथे निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली.

बाईंनी भाऊचं पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. त्यांनी विचारलं, “हे वाचून समोरच्यानं काय करावं असं तुला वाटतं?”

“आमचे पैसे द्यावेत.”

“किती?”

भाऊनं आकडा सांगितला.

“तो पत्रात कुठे आहे?”

भाऊनं तिन्ही पानं चाळली. आकडा कुठेच नव्हता. कंटेनरचा नंबर नव्हता. किती खोकी पिवळी पडली, ते नव्हतं. उत्तर कधीपर्यंत हवं, ते नव्हतं.

“आता मला सांग, झालं काय? इंग्रजीत नको. घरी आबांना सांगतोस तसं सांग.”

भाऊ थोडा बिचकला. जळगावच्या वसतिगृहात तो गावाकडची बोली विसरल्यासारखाच राहिला होता. बाई म्हणाल्या, “बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी लेवा गणबोलीत जे रचलं, ते पाहिलेलं होतं, केलेलं होतं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तू त्याच बोलीत सांग, लाजू नकोस.”

मग भाऊ बोलायला लागला. पहाटे कटाई कधी सुरू झाली, फण्या सुट्या करून तुरटीच्या पाण्यात कधी धुतल्या, तेरा तेरा किलोची खोकी कधी भरली, प्री-कूलिंग किती वेळ झालं, कंटेनर कधी आला, सील कुणी लावलं, तापमान नोंदवणारं यंत्र आत कुठे ठेवलं. तो बोलत होता आणि बाई फळ्यावर टिपत होत्या. बोलून झालं तेव्हा फळा भरला होता.

“यातलं पत्रात काय आहे?”

“काहीच नाही.”

“का?”

भाऊनं खरं ते सांगितलं. “हे तर साधंच आहे बाई. मला वाटलं, इंग्रजी पत्रात एवढं साधं लिहीत नसतात.”

बाईंनी तिथेच शिकवणीचं पहिलं सूत्र सांगितलं. इंग्रजी ही मोठ्यांची भाषा आहे, तिच्यात मोठंच बोलायचं असतं, ही समजूत आपल्याकडे कचेऱ्यांतून आली. साहेबाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहणाऱ्याला मागणी मागायची भीती वाटे, म्हणून तो आधी स्वतःला लहान करी, साहेबाला मोठं करी, आणि शेवटी हळूच मागणी ठेवी. साहेब गेला, पण अर्जाची ती वाक्यं पुस्तकांत राहिली आणि पुस्तकांतून आपल्या हातात आली. खुद्द इंग्लंडच्या सरकारी कारभारातही असली जड भाषा माजली होती. तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गावर्स यांनी १९४८ साली अधिकाऱ्यांसाठी साध्या शब्दांचं पुस्तक लिहिलं, ते त्यामुळेच.

ताई म्हणाली, “पण बाई, आपल्या जुन्या पत्रांतही लांबलचक मायना असतोच की. धुळ्याला राजवाडे मंडळात मी मोडीतली पत्रं पाहिली आहेत.”

“असतो. पण मायना संपला की ‘विशेष’ असा शब्द येतो आणि तिथून थेट मुद्दा सुरू होतो. कुठे किती फौज, कुणाचे किती पैसे, काय करावं. नमस्काराची जागा वेगळी आणि कामाची वेगळी. आपल्या लोकांना मुद्देसूद लिहिता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. आपण ती सवय मोडली आणि अर्जाची सवय लावून घेतली.”

मग बाई ताईकडे वळल्या. “तुझ्या निबंधात तू काय सांगतेस?”

ताईनं पाठ केल्यासारखं उत्तर दिलं, “पारंपरिक जलव्यवस्थापनाचं आजच्या युगातलं अनन्यसाधारण महत्त्व.”

“हे मला पाटावर न जाताही लिहिता आलं असतं. तू पाटावर गेलीस, तेव्हा काय पाहिलंस?”

ताई गप्प झाली. मग तिला एक म्हातारा पाटकरी आठवला. त्याच्या मागे मागे ती एक दिवस पाटानं चालत होती. पाणी सोडून झालं होतं, ऊन डोक्यावर आलं होतं, तरी तो थांबेना. तिनं विचारलं, बाबा, पाणी तर सुटलं, आता कशाला चालायचं? तेव्हा तो अहिराणीत म्हणाला, “पाणी सोडं म्हंजे काम झायं आसं नही, पोरी. शेवटना वावरमा पाणी पोहचनं का, ते देखनं पडस.”

बाईंनी फळा पुसला आणि ते वाक्य आहे तसं फळ्यावर लिहिलं. “लिहिण्याचंही हेच आहे. बंधाऱ्यावर पाणी किती साठलं, याला किंमत नाही. शेवटच्या वावरात किती गेलं, याला आहे. तुमच्या पत्राचं शेवटचं वावर म्हणजे ते वाचणारा माणूस. व्यवहाराचं पत्र वाचून त्याला निर्णय घेता आला पाहिजे. शोधनिबंध वाचून त्याला तुमचं म्हणणं पडताळता आलं पाहिजे. एवढं झालं की लिहिणं पोचलं.”

पुढच्या रविवारी दोघांनी नवं लिहून आणायचं होतं. बाईंनी नियम फार थोडे दिले. भाऊला सांगितलं, एका पत्रात एकच काम. पहिल्या दोन वाक्यांत मागणी आणि आकडा. मग घडलं ते तारीख-वेळेसह, ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं. शेवटी उत्तराची मुदत. ताईला सांगितलं, प्रस्तावनेत तीन पावलं टाक. या क्षेत्रात आजवर काय माहीत आहे, त्यात कोणती जागा रिकामी आहे, आणि ती जागा तू कशी भरतेस. जॉन स्वेल्स या अभ्यासकानं १९९० च्या आपल्या पुस्तकात शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची ही चाल दाखवून दिली आहे आणि जगभर ती शिकवली जाते. आणि दोघांनाही सांगितलं, जे वाक्य तुमच्या डोळ्यांसमोर घडलेलं नाही किंवा तुम्हाला समजलेलं नाही, ते लिहू नका, मग ते कितीही सुंदर असो.

“आणि व्याकरण?” भाऊनं विचारलं.

“ते शेवटी. आपल्या वाक्यातली चूक आपल्याला दुरुस्त करता येते. उसन्या वाक्यात चूक आहे की नाही, हेच आपल्याला कळत नाही.”

भाऊ घरी आला आणि पॅकिंगची टिपणवही उघडून बसला. तारीख-वेळेसह लिहायचं म्हणजे वही लागणारच. लिहिता लिहिता तो एका नोंदीवर थांबला. त्या दिवशी कंटेनर उशिरा आला होता. सकाळी कापलेल्या मालातला शेवटचा लॉट दुपारभर शेडमध्येच पडून होता. एप्रिलमधली खानदेशातली दुपार कशी असते, ते कुणाला सांगायला नको. खरेदीदारानं पाठवलेले फोटो त्यानं मोठे करून पाहिले. खोक्यांवर लॉटचे आकडे होते. पिवळ्या खोक्यांतली बरीचशी त्याच लॉटची होती. काही मात्र दुसऱ्या लॉटची होती, जी वेळेत भरली गेली होती.

तीन पत्रं लिहूनही त्याला हे दिसलं नव्हतं. शेतकऱ्याचे कष्ट आणि देशांची मैत्री लिहिताना वही उघडायची गरजच पडली नव्हती.

आबांना त्यानं सगळं सांगितलं. आबा चिडले. “आपली चूक आपणच लिहून द्याची? तो उरलेलेही पैसे कापीन.”

“पण आबा, आपला लॉट सोडला तर बाकीची खोकी का पिकली, हे त्याला विचारता येईल. आत्ता आपण सगळ्याच खोक्यांचं भांडतोय, म्हणून तो एकाचंही ऐकत नाही.”

भाऊनं बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “काय लिहायचं ते तुमच्या घरानं ठरवायचं, मी नाही. मी तुला लिहायला शिकवलं. आता तुला खरं काय ते माहीत आहे, एवढं लक्षात ठेव.”

आबा त्या रात्री जेवताना बोलले नाहीत. सकाळी बागेत पाणी सुरू करून आले आणि म्हणाले, “लिही. खोटं सांगून एक कंटेनर निघीन. मले तर दरसाल बाग कापाची आहे.”

भाऊनं पत्र लिहिलं. ते एका पानातच संपलं. आशय असा होता: या कंटेनरच्या बिलापैकी इतकी रक्कम आपण द्यावी, अशी आमची मागणी आहे. अमुक लॉटची खोकी आमच्या शेडमध्ये उन्हात राहिली, त्यांचं नुकसान आमचं. दुसऱ्या लॉटची खोकी वेळेत थंड करून भरली होती, त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. ती का पिकली, हे कळण्यासाठी कंटेनरमधल्या यंत्राची तापमानाची नोंद आम्हाला पाठवावी. येत्या शुक्रवारपर्यंत उत्तर मिळालं तर पुढच्या कटाईचं नियोजन करता येईल.

रविवारी बाईंनी ते पाहिलं. ‘द’ आणि ‘अ’ च्या काही चुका होत्या, एका ठिकाणी काळ चुकला होता. बाईंनी त्या भाऊकडूनच दुरुस्त करून घेतल्या, आणि त्यानं त्या चटकन केल्या, कारण वाक्यं त्याची होती. अमुक क्रियेला कोणता काळ, हे त्याला आठवावं लागलं नाही. ती खोकी कधी भरली आणि फोटो कधी आले, हे ठाऊक होतं, काळ त्यातून आपोआप ठरला.

ताईचं काम अधिक कठीण निघालं. ‘मी काय पाहिलं’ असं लिहायला बसल्यावर तिला कळलं, की तिनं तीन गावं पाहिली आहेत आणि निबंधात दावा केला आहे सगळ्या खानदेशाचा. त्यातही दोन गावांत शेवटच्या शेताला त्याच्या पाळीचं पाणी पोचत होतं. तिसऱ्या गावात पाटाच्या कडेनं विहिरी वाढल्या होत्या, ज्याच्या त्याच्या मोटरी झाल्या होत्या, आणि पाळी मोडकळीला आली होती. ते गाव तिनं निबंधातून गाळलं होतं. फड पद्धतीवर तिची माया जडली होती आणि ते गाव त्या मायेला अडचणीचं होतं. ‘अनन्यसाधारण महत्त्व’ असल्या शब्दांखाली तिसरं गाव सहज झाकलं गेलं.

तिला आणखी एक भीती होती. “बाई, इतकं सोपं लिहिलं तर लोक म्हणतील, हिचा अभ्यास कच्चा आहे.”

बाईंनी तिला धुळ्याच्याच तुरुंगाची आठवण करून दिली. १९३२ साली विनोबा तिथे कैदेत होते. फेब्रुवारी ते जून, अठरा रविवार त्यांनी कैद्यांपुढे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या हातानं ती लिहिली गेली. “गीतेहून अवघड विषय तुझा आहे का? विनोबांनी समोर कोण बसलं आहे ते पाहिलं आणि त्याला कळेल असं सांगितलं. त्यामुळे गीता उथळ झाली, असं आजवर कुणी म्हटलेलं ऐकलंस? सोपं लिहायला विषय जास्त कळावा लागतो. ज्याला कळलेलं नसतं, त्यालाच अवघड शब्दांची गरज पडते.”

ताईनं निबंध पुन्हा लिहिला. उचललेली दोन पानं तिनं काढून टाकली. ज्यांचं म्हणणं घ्यायचं होतं, ते पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि कुणाचं म्हणणं आहे ते नाव घेऊन सांगितलं. साम्याच्या टक्क्यांची काळजी तिथेच मिटली. सगळ्या खानदेशाचा दावा आवरून तीन गावांवर आणला. तिसरं गाव आत घेतलं. आणि गंमत अशी, की त्या गावामुळेच निबंधाला म्हणणं सापडलं. पाण्याच्या पाळीचे नियम तिन्ही गावांत जवळपास सारखेच होते. फरक एवढाच होता, की दोन गावांत सगळे एकाच पाटावर अवलंबून होते आणि तिसऱ्या गावात राहिले नव्हते. म्हणजे वाटप टिकतं ते नुसत्या नियमांनी नव्हे, सगळ्यांची गरज एका पाण्याशी बांधलेली असते म्हणून. हे वाक्य तिच्या वहीत दोन वर्षं पडून होतं, फक्त कुणी तिला ते विचारलं नव्हतं.

भाऊला शुक्रवारच्या आत उत्तर आलं. खरेदीदारानं तापमानाची नोंद पाठवली. बंदरावर उतरल्यावर काही तास कंटेनरचं तापमान चढलेलं होतं. तो काळ खरेदीदाराच्या ताब्यातला होता आणि त्यानं ते मान्य केलं. भाऊनं पहिल्या पत्रात मनात धरली होती तेवढी रक्कम आली नाही, पण त्याच्या मागणीइतकी आली, आणि ती आधी देऊ केलेल्या निम्म्याहून बरीच जास्त होती. पुढची मागणीही आली, एका अटीसह: दर कंटेनरबरोबर भरणीची नोंद अशीच पाठवावी. आबांनी शेडवर जाड ताडपत्री घातली आणि कंटेनर दारात आल्याशिवाय शेवटचा लॉट कापायचा नाही, असं मजुरांना बजावलं.

ताईचा निबंध स्वीकारला गेला. तपासणाऱ्यानं काही प्रश्न विचारले, पण या वेळी ते पाण्याविषयी होते.

आता या कथेचा बोध. आपल्या जळगाव-धुळ्याकडची मुलं इंग्रजीत लिहिताना अडखळतात, तेव्हा आपण त्यांच्या हातात आणखी शब्द देतो, आणखी नमुने देतो, आणखी नम्र आणि आणखी भारदस्त वाक्यं देतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तरीही पदवीधर मुलगा एक साधं तक्रारपत्र लिहिताना पुस्तक शोधतो. शब्दांची तूट हे त्याचं खरं कारण नाही. सांगायचं काय आणि कुणाला, हे कुणी त्याला विचारत नाही. उसन्या वाक्यांनी तो इतरांपासून जे लपवतो, ते स्वतःपासूनही लपतं. भाऊच्या शेडमधला लॉट आणि ताईचं तिसरं गाव असंच लपलं होतं. साधं लिहायचं ठरवलं की आधी खरं काय ते पाहावं लागतं, आणि खरं पाहिलं की निम्मी भाषा आपोआप सापडते. उरलेली निम्मी म्हणजे व्याकरण, आणि ते शिकवता येतं.

म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक विनंती आहे. विद्यार्थ्याचा कागद हातात आला की लाल पेन उचलण्याआधी त्याला त्याच्या घरच्या भाषेत दोन प्रश्न विचारा: झालं काय, आणि वाचणाऱ्यानं आता काय करावं? त्याची उत्तरं त्याला आधी त्याच बोलीत देऊ द्या, मग ती अहिराणी असो, लेवा बोली असो की मराठी असो. तीच उत्तरं मग इंग्रजीत उतरवायला शिकवा. आणि लिहिणाऱ्यांनो, ज्या वाक्यामागे तुम्ही स्वतः उभे राहू शकत नाही, ते कोणत्याही भाषेत लिहू नका.